मिरगाच्या सह्या

अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेला एका कापडदुकानाच्या माळ्यावर उल्हास खोरे हिशेबनीस संघाची कचेरी होती. कचेरी म्हणजे एक टेबल, सात खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर एक काळी पाटी. पाटीवर पांढऱ्या रंगाने संघाच्या सनदी हिशेबनिसांची नावं. बदलापूरजवळच्या कुळगावच्या भातगिरणीवाल्यापासून उल्हासनगरच्या पाचव्या कॅम्पातल्या मागाच्या कारखानदारापर्यंत ज्याला मुनीम ठेवायचा असेल तो जिना चढून यायचा, पाटी वाचायचा आणि मगच बोलणी करायचा. पाटीवर नाव असलं की घरची चूल पेटायची. नसलं तर पाढे तोंडपाठ असूनही उपयोग नव्हता.

सन सत्तावन्नच्या श्रावणात त्या पाटीवरचं चौथं नाव कुणीतरी खरवडून काढलं. काम घाईघाईचं होतं. पत्र्यावरचे ओरखडे तसेच राहिले होते आणि मान तिरकी करून पाहिलं तर अक्षरं अजून लागत होती. नेणूमल हासाराम. त्याच्या खालचं पाचवं नाव कोंडाजी म्हसकर.

कोंडाजी कुळगावच्या भातगिरणीचा मुनीम, त्या दिवशी गिरणीच्या कामाने अंबरनाथला आला होता. सहज म्हणून कचेरीत डोकावला आणि पाटीसमोर उभाच राहिला. आपल्या नावाच्या वरची जागा अशी सोललेली पाहून त्याला पहिल्यांदा वाटलं, नेणूमल मास्तर गेले. कारण संघात मेलेल्या माणसाचंच नाव काढत.

चिटणीस आनंदा शेलार टेबलाशी बसून विड्याच्या पानाला चुना लावत होता.

"मास्तरांना काय झालं?" कोंडाजीने विचारलं.

"काय व्हायचंय? ठराव झाला ना, आषाढातल्या बैठकीत. नाव कमी केलं."

"कोणी केला ठराव?"

"आपणच." आनंदाने वर पाहिलं नाही. "तुम्हीपण होता की बैठकीला. सही आहे तुमची."

आषाढात नऊ दिवस कुळगावच्या वाटेवर, मांजर्लीत, पुराचं पाणी होतं. त्याच दिवसांत कोंडाजीच्या बायकोला, वेणूला, मुलगी झाली होती. कोंडाजी कुळगावाबाहेर पाऊल टाकू शकला नव्हता. तरी त्याची सही होती, आणि ती खोटी नव्हती. ती कशी झाली हे सांगायचं तर आठ वर्षं मागे जायला हवं.

एकोणपन्नास साली कोंडाजी बावीस वर्षांचा होता. मराठी सातवी पास झालेला कुळगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, गिरणीत पोती मोजायचा. एक दिवस एक उंच, वाळका सिंधी माणूस चुलीसाठी भाताचं तूस मागायला आला. लेंगा मळलेला, पण कोटाच्या खिशात दोन पेन. तूस भरून होईपर्यंत तो कोंडाजीच्या समोर उभा राहून त्याच्या वहीकडे बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "साईं, ये सतरा नहीं है, सत्ताईस है." वही त्याच्या बाजूने उलटी होती. चूक खरीच होती.

तो माणूस म्हणजे नेणूमल. शिकारपूरच्या एका सराफी पेढीवर पंचवीस वर्षं मुनीम होता. फाळणीत पेढी गेली, घर गेलं. आता नवरा-बायको पाचव्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या बराकीत राहायचे, गोणपाटाचा पडदा लावून अर्ध्या खोलीत. तो लोकांचे हरवलेल्या घरादारांचे अर्ज लिहून द्यायचा. अर्ज लिहिणाऱ्याला लोक मास्तर म्हणू लागले, म्हणून तोही मास्तर.

दर रविवारी कोंडाजी बदलापुराहून पाचव्या कॅम्पात शिकायला जाऊ लागला. फी ठरली महिन्याला एक पोतं तूस. कोंडाजीला मिंधेपणा वाटू नये म्हणून मास्तरही त्याच्याकडून मराठी अक्षरं शिकायचे. एवढा मोठा मुनीम, पण 'ळ' काही केल्या जमायचा नाही. जीभ वळायची नाही आणि हातही वळायचा नाही. पाटीवर भोपळ्याएवढा 'ळ' काढायचे आणि स्वतःच हसत सुटायचे. मास्तरांची बायको हरीबाई पडद्याआडून म्हणायची, "बुढ्ढा होके इस्कूल जाता है."

पण हिशेब शिकवायला बसले की ते वेगळेच व्हायचे. दोन गोष्टी त्यांनी कोंडाजीच्या डोक्यात हातोडीने ठोकाव्या तशा ठोकल्या. पहिली, सही करायच्या आधी पान बोट ठेवून वाचायचं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, आपणच लिहिलेलं असलं तरी. दुसरी, जो हिशेब जुळत नाही तो घराबाहेर न्यायचा नाही. "आधा हिसाब किसीको दिखाना नहीं. बैठ गया तो दिखाना. नहीं बैठा तो फिर से लिखना." कोंडाजीने एकदा सात वेळा एक पान लिहिलं होतं. सातव्यांदा जुळलं तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातावर साखर ठेवली.

एक्कावन्न साली संघ निघाला. काढला भास्करराव टिपणिसांनी, अध्यक्षही तेच. मुंबईच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंबरनाथला छोटा बंगला बांधून राहिलेले. कडक इस्त्रीचा कोट, आवाज खणखणीत. हा माणूस पहिल्यापासून वाईट होता असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. तेच दारोदार फिरले, व्यापाऱ्यांना पटवलं, परीक्षा सुरू केली, गावठी मुनिमांना सनद मिळवून दिली. कोंडाजीला गिरणीत पोती मोजण्यावरून हिशेबाच्या गादीवर बसवलं ते त्या सनदेनेच. नियमही टिपणिसांनीच लिहिले आणि चांगले लिहिले. अध्यक्ष तीन वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही. आणि नववा नियम: जो सभासद कोऱ्या पानावर सही करील त्याचं नाव पाटीवरून कायमचं काढलं जाईल. मुनिमाच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही, आणि नववा नियम वाचला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग हे लोक चुकले कुठे? सोयीत चुकले. कार्यकारी मंडळ सात जणांचं, त्यात मास्तर आणि कोंडाजीही होते. ठराव व्हायचा तर सातांच्या सह्या लागत. बावन्नच्या पावसाळ्यात वालधुनी नदी चढली, उल्हास चढली, बैठकीला चौघंच आले आणि अकरा परीक्षार्थींचे निकाल दसऱ्यापर्यंत अडकून पडले. त्यातल्या दोघांच्या ठरलेल्या नोकऱ्या गेल्या. सगळ्यांना वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या बैठकीत कोंडाजीने सुचवलं की मिरगाच्या आधी इतिवृत्ताच्या वहीतल्या चार पानांखाली सगळ्यांनी सह्या करून ठेवाव्यात. पावसात जो पोचेल तो पोचेल, निकाल वरती लिहून घेता येतील. आपलीच वही, आपलीच माणसं.

मास्तर तेवढे म्हणाले, "कोंडाजी, कल इस पन्ने पे कोई लिखेगा नेणूमल चोर है, तो नीचे नेणूमल की सही!" सगळे हसले. मास्तरही हसले, आणि त्यांनी सही केली.

झालं. दरसालची रीतच पडली. मिरगाच्या सह्या म्हणायचे तिला. बाहेर कुणाच्या कोऱ्या पावतीला हात न लावणारी सात माणसं, घरातल्या घरात मात्र दर मे महिन्यात चार कोऱ्या पानांखाली ओळीने सह्या करत आणि वर भजी खात. कुणालाही आपण नववा नियम मोडतोय असं वाटलं नाही. तो नियम लोकांसाठी होता.

तीन वर्षं संपली, टिपणीस उतरले नाहीत. सहा संपली तरी नाहीत. निवडणूक दर वर्षी पावसाळ्यातच 'व्हायची', म्हणजे वहीत व्हायची. संघाच्या स्वतःच्या जमाखर्चाची वही तर चिटणीस आणि अध्यक्ष सोडून कुणी पाहिलीच नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं. पण ज्याने आपल्याला खुर्ची दिली त्याला खुर्चीवरून ऊठ म्हणायला तोंड उघडत नाही. शेवटी सत्तावन्नच्या चैत्रातल्या बैठकीत मास्तर बोलायला उभे राहिले.

"साईं, हम सबका हिसाब देखते हैं. हमारा कौन देखेगा? बाहरका आदमी बुलाओ. और इलेक्शन करो."

टिपणीस हसून म्हणाले, "सूचना चांगली आहे. विचार करू."

त्या वर्षी मे महिन्यात मास्तर तापाने पडले होते म्हणून वही त्यांच्या घरी नेली कोंडाजीने. हे सांगताना मला कसंतरीच होतं, पण सांगायला हवं. मास्तरांनी वही उघडली, कोरं पान पाहिलं आणि मिटून ठेवली.

"इस साल रहने दो."

"मास्तर, रीतच आहे ती," कोंडाजी म्हणाला. "वेणूचे दिवस आषाढात भरतायत. मला तेव्हा यायला जमायचं नाही. तुम्ही नाही केलीत तर बाकीचे म्हणतील आम्हीपण नाही, आणि सगळं अडेल."

मास्तरांनी अंगावरची गोधडी बाजूला केली. मग उठून बसले, पेन झटकलं आणि चारही पानांखाली सही केली. वाचायला काही नव्हतं, तरी सवयीने बोट पानावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

आता श्रावणात कोंडाजीसमोर तेच पान उघडं होतं. आनंदाने वही पुढे सरकवली होती. सदर सभासद आपल्या धन्याच्या वह्या इतरांना न वाचता येणाऱ्या सिंधी मोडणीच्या लिपीत लिहितात, त्यामुळे त्यांच्या हिशेबाविषयी संशय निर्माण होतो, सबब त्यांचं नाव यादीतून कमी करावं. सर्व सात सभासद हजर. एकमताने मंजूर. खाली सात सह्या. तिसरी मास्तरांची, लफ्फेदार. पाचवी त्याची स्वतःची.

कोंडाजी तसाच टिपणिसांच्या बंगल्यावर गेला. टिपणीस झाडांची आळी करत होते. त्यांनी हात धुतले, त्याला ओसरीवर बसवलं, चहा मागवला.

"हे पान कोरं होतं," कोंडाजी म्हणाला.

"असं?" टिपणीस शांतपणे म्हणाले. "कोंडाजी, दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं. एक तर तुम्ही बैठकीला हजर होता, नाहीतर तुम्ही कोऱ्या पानावर सही केलीत. दुसरं म्हणायचं असेल तर नववा नियम वाचा. सातही जणांना लागू आहे तो. मला काय, पेन्शन आहे. तुमचं बघा."

चहा आला. कोंडाजीने कप तसाच बाजूला ठेवला.

"आणि नेणूमलजींना एकवीस दिवसांची मुदत दिली आहे. लेखी खुलासा देऊ देत. संघ काही आंधळा नाही." नाव मात्र खुलासा यायच्या आधीच खरवडून झालं होतं. "मुलगी झाली म्हणे. नाव काय ठेवलंत?"

"कुंदा."

"छान. पेढे पाठवतो."

कोंडाजी घरी आला आणि गप्प राहिला. त्याने स्वतःला समजावलं की मास्तर खुलासा देतील. एवढा हुशार माणूस, त्यांच्या हाताशी एकवीस दिवस आहेत. ते लिहितील, सगळं उघडं पडेल, आणि मग जे होईल ते होईल. आपण आपल्या तोंडाने बोलायची वेळ येणार नाही. तो दिवस मोजत राहिला. एकविसावा दिवस गेला. खुलासा आला नाही. आनंदा शेलार ज्याला त्याला सांगू लागला, "काही असतं तर दिलं नसतं का उत्तर?" आणि लोकांनाही ते पटलं.

मास्तर ज्या मागाच्या कारखान्यात मुनीम होते, त्याच्या मालकाने त्यांना हात जोडून घरी पाठवलं. तोही शिकारपूरचाच, डोळ्यांत पाणी आणलं, पण पाठवलं. हरीबाई पापड लाटू लागली. मास्तर पत्र्याच्या डब्यात पापड घेऊन अंबरनाथच्या दुकानांत फिरू लागले, ज्या दुकानांच्या वह्या त्यांनी कधीतरी तपासल्या होत्या. दुकानदार पापड घेत, पण बसा म्हणत नसत.

कोंडाजी पहिल्यांदा दर रविवारी जायचा. मग पंधरवड्याने. तूस मात्र न चुकता पाठवायचा. समोर बसलं की पावसापाण्याचं बोलून उठायचा. एकदाच त्याने धीर केला.

"मास्तर, ते पान..."

"कुंदा कैसी है?" मास्तर म्हणाले.

"बरी आहे."

"हंसती है?"

"हसते."

"अच्छा," असं म्हणून मास्तरांनी त्याच्यापुढे भाजलेला पापड ठेवला. त्याला वाटलं मास्तर रागावलेत, मानी माणूस आहे, संघाच्या तोंडी लागायचं नाही म्हणून उत्तर दिलं नसेल. असं समजून घेणं सोयीचं होतं.

वेणूला सगळं माहीत होतं. तिने दोन महिने वाट पाहिली. नवरात्रात एक दिवस ती मुलीला पाजताना म्हणाली, "त्यो मानूस पापड इकतंय नि तुमी कोट घालून गादीवर बसतांव."

"माझं नाव जाईल, वेणू. गिरणीत परत पोती मोजायला लागतील."

"मोजा. मी कापणीला जाईन." तिने पदर सारखा केला. "त्या म्हातारीनं कुंदीला झबलं शिवून धाडलंय. तिच्या डोल्यात बघाया मना नाय व्हत आता."

कोंडाजीने त्या दिवशी ठरवलं. वार्षिक सभा कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी होती. सभेत उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. सकाळी आधी पाचव्या कॅम्पात जायचं, मास्तरांच्या पाया पडायचं आणि त्यांना बरोबर घेऊनच जिना चढायचा. त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. दिवाळी त्याने आनंदात घालवली. आनंदात घालवली, आणि भेटायला गेला नाही, कारण आता रविवारीच जायचं होतं.

बुधवारी तुसाची गाडी पाचव्या कॅम्पातून परत आली ती भरलेलीच. गाडीवान चांगो म्हणाला, "मास्तर गेलं. सोमवारी. दिवालीपासून ताप व्हता."

कोंडाजी वही लिहीत होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि तुसाच्या ढिगाआड जाऊन रडला, लहान पोराने रडावं तसा. कुणी मारलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. तो फक्त उशीर करत राहिला होता.

रविवारी तो एकटाच सभेला गेला. चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. टिपणिसांनी भाषण केलं, संघाच्या प्रगतीविषयी बोलले. काही सूचना असल्यास असं विचारलं तेव्हा कोंडाजी उभा राहिला.

"आषाढातलं पान वाचून दाखवा."

टिपणिसांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पण मागून दोघं-तिघं म्हणाले, वाचा की. आनंदाने वाचलं. मंजूर, एकमताने.

"खालच्या सह्या वाचा."

आनंदाने पहिली वाचली, दुसरी वाचली आणि थांबला.

"तिसरी वाचा, आनंदा."

"नेणूमल हासाराम," आनंदा पुटपुटला.

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जी गोष्ट आकडे तपासणाऱ्या चाळीस माणसांच्या चार महिने ध्यानात आली नव्हती, ती आता सगळ्यांना एकदम दिसली. स्वतःचं नाव काढायला माणूस स्वतः हजर राहून एकमताने सही करत नाही.

"ती सही मेमध्ये झाली," कोंडाजी म्हणाला. "पान कोरं होतं. वही मी नेली होती त्यांच्या घरी. ते नको म्हणत होते. मी करायला लावली. ही मिरगाच्या सह्यांची रीत माझीच. पाचवी सही माझी आहे, तीपण कोऱ्या पानावर केलेली. नववा नियम मला लावा. पण मास्तरांचं नाव पाटीवर परत लिहा."

नंतर बरंच काही झालं आणि त्यातलं थोडंच चांगलं होतं. आरडाओरडा झाला, संघाची जमाखर्चाची वही मागवली गेली, ती सापडेना असं आनंदाने सांगितलं, मग दोन दिवसांनी सापडली ती मधली पानं फाटलेली. टिपणीस प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. त्यांना हार घातला गेला. मंडळातल्या इतरांनी एकेक माफीपत्र लिहून दिलं, आणि सगळ्यांनाच काढलं तर संघ चालवायचा कुणी, या विचाराने त्यांना माफ करण्यात आलं. कोंडाजीने माफीपत्र दिलं नाही. त्याचं नाव खरवडलं गेलं. या खेपेला रंगाऱ्याने काम नीट केलं, काळा रंग दोनदा दिला. वरच्या ओळीत मास्तरांचं नाव पुन्हा लिहिलं, ताज्या पांढऱ्या रंगात, आणि त्याच्या आधी कैलासवासी.

ठरावाची नक्कल घेऊन कोंडाजी पाचव्या कॅम्पात गेला. हरीबाई दारात पापड वाळत घालत होती. त्याने कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तिने तो कपाळाला लावला आणि आत जाऊन मास्तरांच्या पेटीत ठेवायला लागली. पेटीतून तिने दुसरे काही कागद काढले.

"ये तुम ले जाओ. तुम्हारी बोली में है. मेरे किस काम के."

तीन कागद होते. मराठीत लिहिलेले, मास्तरांच्या हातचे. मा. अध्यक्ष, उल्हास खोरे हिशेबनीस संघ, यांस लेखी खुलासा. तारीख श्रावणातली, मुदतीच्या आतली. कोंडाजी दाराशीच खाली बसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागला.

सगळं होतं त्यात. मेमधली बैठक, चार पानं, रीत कधी पडली, का पडली. निवडणुका वहीतच कशा झाल्या. कोऱ्या पानावर एकूण सह्या सात, असं लिहून खाली रेघ मारली होती आणि सह्या करणाऱ्यांची नावं ओळीने, एक, दोन, तीन. तिसरं नाव त्यांचं स्वतःचं. चौथं, पाचवं, सहावं. मग सात हा आकडा होता, आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. खाली बेरीज लिहिली होती, सहा, आणि तिच्यावर काट मारली होती.

दुसरा कागद तसाच. तिसराही तसाच. अक्षर प्रत्येक वेळी जास्त सुबक. तिसऱ्या कागदावर 'मंडळ' या शब्दातला 'ळ' पहिल्यांदाच बरोबर आला होता.

"बीस दिन लिखते रहे," हरीबाई म्हणाली. "मैं बोली, भेज दो. बोले, हिसाब नहीं बैठता, कैसे भेजूं. मैं बोली, जो नाम रह गया है वो लिखो, बैठ जाएगा." तिने पापडाची कड सारखी केली. "तो बोले, उसकी बच्ची अभी छोटी है."

कोंडाजीने तिसरा कागद शेवटपर्यंत वाचला. त्याने एकही ओळ सोडली नाही. मग खिशातलं पेन काढलं, सातच्या पुढे आपलं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि खाली बेरीज लिहिली, सात. हिशेब जुळला.

हरीबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"अब किसको भेजोगे?" तिने विचारलं.